वर्षारंभापासून आजअखेर विक्री : संगणकावरील हिशेबाची रीत

साखर कारखान्याच्या दैनिक गाळप अहवालात दोन रकाने शेजारी शेजारी असतात. एकात 'आज' किती ऊस गाळला गेला तो आकडा असतो. दुसऱ्यात 'आजअखेर' किती गाळला गेला तो असतो. पहिल्यावरून त्या दिवसाचे काम समजते, तर दुसऱ्यावरून हंगाम कोठवर आला हे समजते. गावच्या दुकानदाराच्या रोजकीर्दीतही पानाच्या तळाशी 'पुढे नेले' आणि नव्या पानाच्या माथ्यावर 'मागून आणले' असे लिहून बेरीज चालू ठेवण्याची रीत जुनीच आहे. संगणकावर व्यापारी अहवाल तयार करणाऱ्या प्रणालीत ज्या आकड्यास 'इयर टू डेट' किंवा थोडक्यात 'वाय-टी-डी' म्हणतात, तो हाच आजअखेरचा आकडा होय. नाव नवे असले तरी हिशेब जुनाच आहे.

शेतकऱ्यांच्या संस्थांत हा हिशेब आता संगणकावर होऊ लागला आहे. कंपनी कायद्यात २००२ साली झालेल्या दुरुस्तीने शेतकऱ्यांना स्वतःची उत्पादक कंपनी स्थापन करण्याची वाट मोकळी झाली. २०२० साली केंद्र सरकारने दहा हजार शेतकरी उत्पादक संघटना उभारण्याची योजना सुरू केली आणि २०२२ साली प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची योजना मंजूर केली. त्यामुळे पूर्वी मुनीमजींच्या वहीत असणारा आकडा आज पडद्यावर दिसतो व त्यावरून संचालक मंडळ निर्णय घेते. आकडा चुकीचा असेल तर निर्णयही चुकतो आणि त्याची झळ शेवटी सभासद शेतकऱ्यासच पोहोचते. तेव्हा ही बेरीज कशी होते, कोठे चुकते व तिचा पडताळा कसा घ्यावा, हे संस्थेच्या हिशेबनिसाइतकेच ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी आणि जाणत्या सभासदांनीही समजून घेणे इष्ट आहे.

आजअखेर बेरीज म्हणजे काय

वर्षाच्या पहिल्या दिवसापासून अहवालाच्या तारखेपर्यंत झालेल्या सर्व विक्रीची बेरीज म्हणजे आजअखेर विक्री. या व्याख्येत तीन गोष्टी आहेत : वर्षाचा पहिला दिवस कोणता, अहवालाची तारीख कोणती आणि विक्री कशास म्हणावयाचे. या तिन्हींचे उत्तर निश्चित असेल तर बेरीज करणे हे संगणकास क्षणाचे काम आहे. परंतु त्यांपैकी एकही गोष्ट संदिग्ध राहिली, तरी संगणक तितक्याच तत्परतेने चुकीची बेरीज करून देतो. बेरजेत चूक नसते. चूक प्रश्न विचारण्यात असते. ही एक गोष्ट ध्यानी राहिली म्हणजे या विषयातील बहुतेक अडचणी सुटतात.

नमुन्याचा हिशेब

समजा, एका तालुक्यातील शेतकरी उत्पादक कंपनी बियाणे व खते विकते आणि सभासदांचे सोयाबीन, तूर व हरभरा बाजारात पाठवते. तिच्या दोन वर्षांच्या विक्रीचे आकडे खालील तक्त्यात लाख रुपयांत दिले आहेत. आकडे केवळ समजण्यासाठी घेतलेले आहेत.

| महिना | २०२४-२५ महिन्याची विक्री | २०२४-२५ महिनाअखेर एकूण | २०२५-२६ महिन्याची विक्री | २०२५-२६ महिनाअखेर एकूण |
|---|---|---|---|---|
| एप्रिल | ६ | ६ | ७ | ७ |
| मे | ९ | १५ | ८ | १५ |
| जून | १४ | २९ | १६ | ३१ |
| जुलै | ८ | ३७ | ९ | ४० |
| ऑगस्ट | ३ | ४० | ४ | ४४ |
| सप्टेंबर | ४ | ४४ | ४ | ४८ |
| ऑक्टोबर | १८ | ६२ | १४ | ६२ |
| नोव्हेंबर | २२ | ८४ | २५ | ८७ |
| डिसेंबर | १२ | ९६ | १३ | १०० |
| जानेवारी | १० | १०६ | १२ | ११२ |
| फेब्रुवारी | १६ | १२२ | – | – |
| मार्च | १८ | १४० | – | – |

महिनाअखेर एकूण काढण्याची रीत सोपी आहे. मागील महिन्याच्या एकूण आकड्यात चालू महिन्याची विक्री मिळवावी. एप्रिलमध्ये मात्र मागचे काही आणावयाचे नाही. तेथे बेरीज शून्यापासून सुरू होते.

दोन रकान्यांचा उपयोग कसा वेगळा आहे हे ऑक्टोबर महिन्यावरून दिसून येईल. २०२४ च्या ऑक्टोबरात १८ लाखांची विक्री झाली होती. २०२५ च्या ऑक्टोबरात ती १४ लाखांवर आली. केवळ महिन्याचा आकडा पाहणारा मनुष्य चिंतेत पडेल. परंतु आजअखेरचा रकाना पाहिला असता दोन्ही वर्षी ऑक्टोबरअखेर ६२ लाख हाच आकडा आहे. म्हणजे कंपनी मागे पडलेली नाही. आधीच्या महिन्यांत मिळवलेली आघाडी तेवढी या महिन्यात संपली. पाऊस लांबला, मळणी पुढे गेली, आवक नोव्हेंबरवर ढकलली गेली, असे शेतमालाच्या व्यापारात वारंवार घडते. महिन्यामहिन्याच्या चढउतारात न अडकता वर्षाची चाल पाहावयाची असेल, तर आजअखेरची बेरीजच उपयोगी पडते.

वर्ष केव्हा सुरू होते

भारत सरकारचे आर्थिक वर्ष १८६७ सालापासून १ एप्रिलला सुरू होते. कंपनी कायद्याप्रमाणे उत्पादक कंपनीचे हिशेबी वर्षही ३१ मार्चला संपते. परंतु अहवाल तयार करणाऱ्या अनेक संगणक प्रणाली जेथे जानेवारी ते डिसेंबर असे वर्ष मोजतात अशा रीतीने रचलेल्या असतात. त्यांना वेगळे सांगितले नाही, तर त्या १ जानेवारीपासून बेरीज करतात.

याचा परिणाम वरील तक्त्यावरून पाहावा. डिसेंबर २०२५ अखेर कंपनीची खरी आजअखेर विक्री १०० लाख रुपये आहे. प्रणालीने जानेवारीपासून बेरीज धरली, तर तीत मागील आर्थिक वर्षातील जानेवारी, फेब्रुवारी व मार्च यांचे १०, १६ व १८ असे ४४ लाख मिसळतील आणि पडद्यावर १४४ लाख दिसतील. संचालकांस वाटेल की मागील संपूर्ण वर्षाचा १४० लाखांचा आकडा डिसेंबरातच मागे टाकला. या समजुतीने ते सभासदांस जादा रक्कम वाटण्याचे ठरवतील किंवा नवे गोदाम भाड्याने घेतील. पुढच्याच महिन्यात, जानेवारी २०२६ अखेर, तीच प्रणाली एकदम १२ लाख दाखवील. खरा आकडा ११२ लाखांचा असेल. एका महिन्यात फाजील उत्साह व दुसऱ्या महिन्यात विनाकारण घबराट, असा हा प्रकार आहे. शिवाय दोन्ही वेळा यंत्राची बेरीज बिनचूकच असते. तेव्हा कोणत्याही अहवालावरील आजअखेरचा आकडा वाचण्यापूर्वी 'कोणत्या तारखेपासून?' हा प्रश्न प्रथम विचारावा.

सर्वच कामांस एप्रिल-मार्च हेच वर्ष योग्य असते असेही नाही. साखरेचा हंगाम १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर असा मोजला जातो. कापसाचे विपणन वर्षही ऑक्टोबरपासून धरतात. अशा मालाची हंगामवार चाल पाहण्यासाठी हंगामारंभापासूनची बेरीज वेगळी ठेवण्यास हरकत नाही. मात्र दोन्ही बेरजांस एकच नाव देऊ नये. एकीस 'आर्थिक वर्षारंभापासून' व दुसरीस 'हंगामारंभापासून' असे स्पष्ट शीर्षक द्यावे.

मूळ नोंद कशी असावी

बेरजेचा पाया मूळ नोंदीत असतो. विक्रीच्या प्रत्येक पावतीस एक ओळ द्यावी आणि तीत तारीख, पावती क्रमांक, विक्री केंद्र, मालाचे नाव, परिमाण, दर व रक्कम एवढे रकाने असावेत. महिन्याची बेरीज त्याच तक्त्यात मधूनमधून लिहू नये. तशी लिहिली, तर संगणक तीही एक विक्रीच समजतो व तीच रक्कम दोनदा धरतो.

कोणती तारीख लिहावयाची हेही ठरलेले असावे. माल २८ मार्चला गेला, पैसे १० एप्रिलला आले, तर विक्री मार्चची होय. पैशाची जमा एप्रिलची होय. विक्रीच्या अहवालात पावतीची तारीखच धरावी. आगाऊ घेतलेली रक्कम ही विक्री नव्हे. परत आलेला माल ज्या दिवशी परत आला, त्या तारखेस वजा चिन्हासह वेगळ्या ओळीत लिहावा. जुनी नोंद खोडू नये. रक्कम वस्तू व सेवा कर धरून लिहावयाची की वगळून, हे एकदा ठरवून वर्षभर पाळावे. विक्रीचे मोजमाप म्हणून कर वगळलेली रक्कम घेणे अधिक योग्य, कारण कराची रक्कम कंपनीची नसते. ती सरकारात भरावयाची असते.

तारखेच्या बाबतीत संगणकाचा एक दोष फार फसवा आहे. आपल्याकडे ५ एप्रिल २०२५ ही तारीख ०५/०४/२०२५ अशी लिहितात. संगणकाची मांडणी अमेरिकी पद्धतीची असेल, तर तो प्रथम महिना व नंतर दिवस वाचतो आणि ही नोंद ४ मे रोजी टाकतो. १३/०४/२०२५ लिहिल्यास तेरावा महिना नसल्यामुळे तो ती तारीखच मानत नाही. साधा मजकूर म्हणून ठेवतो व तारखेच्या अटीवर होणाऱ्या बेरजेतून ती रक्कम गुपचूप गळते. अशा रीतीने महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांतील विक्री भलत्या महिन्यांत विखुरते आणि उरलेल्या दिवसांची नाहीशी होते. याची ओळख सोपी आहे. एक्सेलसारख्या प्रणालीत खरी तारीख चौकटीत आपोआप उजवीकडे सरकून बसते. मजकूर डावीकडे राहतो. रकान्यावरून नजर फिरवली की डावीकडे राहिलेल्या नोंदी दिसतात. संगणकाच्या मांडणीत भारत हा देश निवडणे व तारखेत महिना अंकांऐवजी अक्षरांनी दाखवणे, हा यावरील कायमचा उपाय होय.

साध्या तक्त्यात बेरीज कशी करावी

लहान संस्थेस एक्सेलसारखी तक्त्यांची प्रणाली पुरेशी होते. तीत आजअखेर बेरीज करण्याच्या दोन रीती आहेत.

पहिली रीत चालू बेरजेची. महिन्यांचे आकडे एकाखाली एक लिहून शेजारच्या रकान्यात 'सम' हे सूत्र घालावे. सूत्रातील पहिल्या चौकटीचा पत्ता डॉलर चिन्हाने बांधून टाकावा व शेवटच्या चौकटीचा मोकळा ठेवावा. सूत्र खाली ओढले की आरंभ एप्रिलवर स्थिर राहतो व शेवट एकेक महिना पुढे सरकतो. नवे वर्ष सुरू झाले की मात्र नव्या एप्रिलवर नव्याने गाठ बांधावी लागते. हे विसरल्यास दोन वर्षांची बेरीज एकत्र होते.

दुसरी रीत अटींच्या बेरजेची. ती अधिक भरवशाची आहे. 'सम-इफ्स' या सूत्रास सांगावयाचे ते असे : रकमेच्या रकान्याची बेरीज कर, परंतु ज्या ओळीतील तारीख वर्षारंभाची किंवा त्यानंतरची आहे आणि अहवालाच्या तारखेची किंवा त्याआधीची आहे, तेवढ्याच ओळी घे. वर्षारंभ व अहवालाची तारीख या दोन गोष्टी सूत्रात कोंबू नयेत. तक्त्याच्या माथ्यावर दोन चौकटींत उघड लिहाव्यात. त्यामुळे वाचणाऱ्यासही बेरीज कोठून कोठवर आहे हे दिसते. वर्षारंभ आपोआप निघावा असे वाटत असेल, तर नियम असा : अहवालाचा महिना एप्रिल किंवा त्यापुढचा असेल, तर त्याच सनाची १ एप्रिल, जानेवारी, फेब्रुवारी वा मार्च असेल, तर मागील सनाची १ एप्रिल.

मोबाईलवरून किंवा यंत्रावरून पावत्या निघत असतील, तर नोंदीत तारखेबरोबर वेळही येते. तेव्हा 'अहवालाची तारीख किंवा त्याआधी' ही अट अपुरी पडते. संगणकाच्या दृष्टीने नुसती तारीख म्हणजे त्या दिवसाची मध्यरात्र; म्हणून दिवसभरातील विक्री त्या अटीबाहेर राहते. अशा ठिकाणी 'दुसऱ्या दिवसाच्या आधी' अशी अट घालावी.

मोठ्या अहवाल प्रणालीत

अनेक केंद्रे, अनेक माल व शेकडो सभासद असतील, तर पॉवर बीआयसारखी अहवाल प्रणाली सोयीची पडते. तीत 'टोटल-वाय-टी-डी' नावाचे तयार सूत्र आहे. त्यास कशाची बेरीज करावयाची व तारखा कोणत्या रकान्यातून घ्यावयाच्या, एवढे सांगितले की ते आजअखेरचा आकडा देते. हे सूत्र वर्षाचा शेवट ३१ डिसेंबर धरून चालते. आपले वर्ष ३१ मार्चला संपते हे त्यास सूत्राच्या शेवटच्या जागी, अवतरणचिन्हांत, स्पष्ट लिहून द्यावे लागते. १४४ लाखांची वर सांगितलेली चूक बहुधा ही जागा रिकामी राहिल्यामुळेच होते.

या प्रणालीस स्वतंत्र दिनांकतक्ता लागतो. त्यात पहिल्या वर्षाच्या पहिल्या दिवसापासून शेवटच्या वर्षाच्या शेवटच्या दिवसापर्यंत एकही दिवस न गाळता प्रत्येक तारखेस एक ओळ असावी. मग त्या दिवशी विक्री झालेली असो वा नसो. पंचांगात जसा सुटीचा दिवसही असतोच, तसेच हे आहे. विक्रीच्या तक्त्यातील तारीख या दिनांकतक्त्याशी जोडून द्यावी. विक्रीच्या तारखेस वेळ चिकटलेली असल्यास दोन तक्त्यांतील तारखा जुळत नाहीत व बेरीज अपुरी येते. म्हणून जोडण्यापूर्वी वेळ वेगळी काढावी.

दिनांकतक्त्यात प्रत्येक महिन्यास आर्थिक वर्षातील क्रमांकही द्यावा : एप्रिल १, मे २, याप्रमाणे मार्च १२. महिने या क्रमांकानेच लावण्यास प्रणालीस सांगावे. नाही तर ती महिन्यांची नावे अक्षरांच्या क्रमाने लावते व आलेखात सगळा घोटाळा दिसतो.

आणखी एक अडचण पुष्कळांस चकित करते. दिनांकतक्ता मार्च २०२६ पर्यंत आहे, परंतु विक्री जानेवारीपर्यंतच झाली आहे. तरी प्रणाली फेब्रुवारी व मार्चसमोरही ११२ हाच आकडा दाखवते, कारण त्या महिन्यांअखेर बेरीज तेवढीच राहते. वाचणाऱ्यास मात्र विक्री थांबल्यासारखे वाटते. उलट दिनांकतक्ता पुढच्या आर्थिक वर्षापर्यंत वाढवलेला असेल आणि तारीख निवडलेली नसेल, तर एकूण आकड्याच्या चौकटीत काहीच दिसत नाही. कारण प्रणाली शेवटची तारीख धरते व त्या वर्षात विक्रीच झालेली नसते. दोहोंवर उपाय एकच. विक्रीची शेवटची नोंद ज्या तारखेची आहे, त्या तारखेपुढे बेरीज दाखवू नये अशी अट घालावी.

मागील वर्षाशी तुलना

आजअखेरचा आकडा एकटा असताना फारसे सांगत नाही. तो मागील वर्षाच्या आकड्याशेजारी ठेवला म्हणजे बोलका होतो. येथे नियम एकच : दोन्ही वर्षी एकाच तारखेपर्यंत मोजावे.

समजा, संचालक मंडळाची सभा १६ नोव्हेंबर २०२५ रोजी आहे व अहवाल १५ नोव्हेंबरअखेरचा आहे. ऑक्टोबरअखेर ६२ लाख व नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात १३ लाख, मिळून ७५ लाखांची विक्री झाली. प्रणालीने मागील वर्षाचा संपूर्ण नोव्हेंबर धरून ८४ लाखांचा आकडा शेजारी ठेवला, तर ९ लाखांची घट दिसेल. परंतु मागील वर्षी १५ नोव्हेंबरअखेर ७२ लाखांचीच विक्री झाली असेल, तर वास्तविक ३ लाखांची वाढ आहे. जेथे वाढ आहे तेथे घट दिसली, तर मंडळ माल घाईने कमी भावात काढण्याचा निर्णय घेऊ शकते आणि ऐन हंगामात असा निर्णय महागात पडतो. मागील वर्षाचा तोच काळ काढणारी सूत्रे प्रणालीत असतात. परंतु अहवालात पूर्ण महिना निवडलेला असेल, तर ती मागील वर्षाचाही पूर्ण महिनाच घेतात. तेव्हा ही खात्री करणाऱ्यानेच करून घ्यावी लागते.

शेतमालाच्या बाबतीत सणांचाही विचार करावा. दिवाळी एका वर्षी ऑक्टोबरात व दुसऱ्या वर्षी नोव्हेंबरात येते. त्यानुसार बाजार समितीचे व्यवहार काही दिवस बंद असतात. तारीख तीच असली तरी बाजाराचे दिवस तितकेच असतील असे नाही. एवढा खुलासा अहवालाखाली एका ओळीत लिहिला तरी पुरतो.

रुपयांबरोबर क्विंटलही

केवळ रुपयांची बेरीज पाहणे शेतमालाच्या व्यापारात पुरेसे नाही. सोयाबीनची किमान आधारभूत किंमत २०२४-२५ च्या हंगामासाठी क्विंटलला ४,८९२ रुपये होती. २०२५-२६ साठी ती ५,३२८ रुपये जाहीर झाली. या किमतींनी शंभर क्विंटल सोयाबीनचे पहिल्या वर्षी ४,८९,२०० रुपये व दुसऱ्या वर्षी ५,३२,८०० रुपये होतात. माल तेवढाच, परंतु विक्री ४३,६०० रुपयांनी वाढलेली दिसते. भाव पडले असता याच्या उलट घडते. सभासदांचा अधिक माल विकूनही रुपयांची बेरीज खाली येते. यास्तव प्रत्येक मालासाठी रक्कम व परिमाण अशा दोन्ही आजअखेर बेरजा शेजारी शेजारी ठेवाव्यात. परिमाणाची बेरीज मात्र मालवारच करावी. सोयाबीनचे क्विंटल व खतांच्या गोण्या यांची एकत्र बेरीज करण्यात काही अर्थ नाही.

पडताळा कसा घ्यावा

यंत्राने दिलेल्या आकड्याचा पडताळा कागदावर घेता येतो आणि तो दरमहा घेतलाच पाहिजे. त्यासाठी चार तपासण्या पुरेशा आहेत.

पहिली : मागील महिनाअखेरचा आकडा अधिक चालू महिन्याची विक्री, ही बेरीज नव्या आजअखेर आकड्याशी जुळली पाहिजे. जुळली नाही, तर कोणीतरी जुन्या महिन्याची नोंद मागाहून घातली वा बदलली आहे असे समजावे व ती शोधावी.

दुसरी : सर्व केंद्रांच्या व सर्व मालांच्या आजअखेर बेरजा मिळवून कंपनीची एकूण बेरीज आली पाहिजे.

तिसरी : पावती पुस्तकातील पहिला व शेवटचा क्रमांक पाहून जितक्या पावत्या फाडल्या, तितक्याच ओळी तक्त्यात आहेत का हे मोजावे. रद्द पावतीचीही शून्य रकमेची ओळ असावी, म्हणजे मोजणीत खंड पडत नाही.

चौथी : एप्रिलअखेर आजअखेरचा आकडा व एप्रिलची विक्री हे दोन्ही एकच असले पाहिजेत. ही सर्वांत सोपी तपासणी आहे. ते वेगळे असतील, तर वर्षारंभ चुकलेला आहे हे त्याच वेळी उघड होते. डिसेंबरपर्यंत वाट पाहावी लागत नाही.

बेरजेचा उपयोग व मर्यादा

वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ पासून लागू आहे. केवळ वस्तूंचा पुरवठा करणाऱ्यांस महाराष्ट्रात आर्थिक वर्षातील एकूण उलाढाल ४० लाख रुपयांपेक्षा अधिक झाल्यास सर्वसाधारणपणे नोंदणी करावी लागते व त्यासाठी तीस दिवसांत अर्ज करावयाचा असतो. या उलाढालीत सर्व केंद्रांची विक्री तर येतेच, शिवाय करमुक्त मालाचीही विक्री मोजली जाते. ज्यांची सर्वच विक्री करमुक्त मालाची आहे, त्यांस नोंदणीची सक्ती नाही. परंतु करपात्र मालही विकणाऱ्या नव्या कंपनीने आजअखेरच्या आकड्यावर नजर ठेवली पाहिजे. वरील तक्त्यातील आकडे अशा कंपनीचे असते, तर २०२५ च्या जुलैअखेर ती बरोबर सीमेवर असती व ऑगस्टच्या पहिल्याच विक्रीने सीमा ओलांडली गेली असती. जो केवळ महिन्याचे आकडे पाहतो, त्यास ऑगस्टचे ४ लाख पाहून काहीच सुचणार नाही.

दुसरा उपयोग सभासदाच्या हक्काशी निगडित आहे. उत्पादक कंपनी मालाच्या किमतीचा काही भाग सुरुवातीस रोखून ठेवून मागाहून देऊ शकते. तसेच वर्षाच्या शिलकीतून सभासदाने कंपनीशी केलेल्या व्यवहाराच्या प्रमाणात बोनस देण्याची तरतूद कायद्यात आहे. हे प्रमाण ठरते ते त्या सभासदाच्या वर्षभराच्या व्यवहारावरून. म्हणून प्रत्येक सभासदाने कंपनीस दिलेल्या मालाची आजअखेर बेरीज याच रीतीने ठेवावी आणि दर तिमाहीस ती त्यास दाखवावी. सभासदानेही आपल्या जवळच्या पावत्यांशी ती ताडून पाहावी. चूक जूनमध्ये सापडली तर एका ओळीने दुरुस्त होते. तीच वर्ष संपल्यावर सापडली तर वादाचे कारण होते.

मर्यादाही ओळखून असावे. आजअखेर विक्री हा नफा नव्हे. १०० लाखांची विक्री करूनही मालाची किंमत, हमाली, वाहतूक, गोदामभाडे व व्याज जाता हाती काही न उरणे शक्य आहे. उधारीवर विकलेल्या मालाचे पैसे यावयाचे असतात, तरी विक्रीच्या बेरजेत ते आलेलेच असतात. म्हणून सभासदांस रक्कम वाटण्याचा वा कर्ज काढण्याचा निर्णय केवळ या एका आकड्यावर घेऊ नये. खर्चाची व येणे रकमेचीही आजअखेर बेरीज त्याच तारखेची मागवावी.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी संस्थेच्या सभेस जाताना पुढील प्रश्न बरोबर न्यावेत : ही बेरीज कोणत्या तारखेपासून आहे? कोणत्या तारखेपर्यंत आहे? परत आलेला माल वजा केला आहे का? कर धरला आहे की वगळला आहे? मागील वर्षाचा आकडा त्याच तारखेपर्यंतचा आहे का? या पाच प्रश्नांची उत्तरे अहवालाच्या माथ्यावर लिहिलेली असावीत, असा आग्रह त्यांनी धरावा. ज्या संस्थेत ती लिहिलेली असतात, तेथील साध्या सभासदासही आपल्या कंपनीचे वर्ष कोठवर आले हे स्वतःच्या डोळ्यांनी वाचता येते.